घरातली भाषा, दारातली भाषा

आमच्या खालच्या मजल्यावर गोव्याकडचे एक गृहस्थ राहतात. वय ऐंशीच्या घरात. नोकरीच्या निमित्ताने पुण्यास आले आणि पुणेकरच होऊन गेले. रोज रात्री आठाच्या सुमारास ते गोव्यात राहणाऱ्या आपल्या बहिणीला फोन लावतात. दार उघडेच असते, त्यामुळे जिना चढता-उतरता चार शब्द कानांवर पडतात. ‘‘कितें गो बाय, जेवण जालें?’’ अशी सुरुवात होते, आणि मग एरवी मोजून-मापून बोलणारा हा माणूस मोठ्याने हसतो, रुसतो, चिडतो, लाडात येतो. मी दारात दिसलो की मात्र त्यांचा आवाज एकदम नेटका होतो. ‘‘या, बसा,’’ हे शब्द स्वच्छ मराठीत येतात, आणि बहिणीशी उरलेली दोन वाक्येही मराठीतच पुरी होतात. एकदा मी म्हटले, ‘‘माझ्यासाठी भाषा कशाला बदलता?’’ ते म्हणाले, ‘‘तसं नव्हे हो, चारचौघांत बरं दिसत नाही.’’

त्यांच्या मुलीला कोकणी समजते, पण बोलता येत नाही. नातवाला ती समजतही नाही. एका घरातून एक भाषा निघून गेली. कोणी तिला हाकलली नाही आणि कोणी तिला अडवलेही नाही.

ह्या गृहस्थांचे बालपण तीन भाषांत गेले. घरात कोकणी, देवघरात आणि पोथीत मराठी, शाळेत पोर्तुगीज. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला तेव्हा ते पंधरा वर्षांचे होते. पोर्तुगीज त्यांना अजून वाचता येते. मागे त्यांनी पोर्तुगालमधल्याच एका लहानशा भाषेविषयीचा एक लेख मला वाचून, अर्थ सांगत सांगत ऐकवला. वाचून झाल्यावर म्हणाले, ‘‘म्हणजे ह्यांच्या स्वतःच्या घरातही तेच.’’ त्या दिवसापासून मी त्या भाषेविषयी मिळेल ते वाचत आलो आहे, आणि एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. तोच आज वाचकांपुढे ठेवावयाचा आहे.

पोर्तुगालच्या ईशान्य कोपऱ्यात दोरू नदी खोल कड्यांमधून वाहते आणि तीच तेथे स्पेनची सरहद्द होते. ह्या भागाला पोर्तुगीज लोक ‘डोंगरापलीकडचा मुलूख’ म्हणतात. नऊ महिने हिवाळा आणि तीन महिने नरक, अशी तिकडची म्हण आहे. दगडी घरे, राय नावाच्या धान्याची शेते, मेंढ्या आणि केसाळ, उंच गाढवे. गावच्या उत्सवात पुरुष झालरीचे घागरे घालून हातांत टिपऱ्या घेऊन नाचतात. साथीला चामड्याच्या पिशवीची सनई आणि ढोल. मिरांदा दु दोरू हे ह्या भागाचे मुख्य शहर, आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत जी भाषा बोलतात तिचे नाव मिरांदेश. आपण तिला मिरांदी म्हणू.

ही भाषा पोर्तुगीजची बिघडलेली बोली आहे, असा समज पोर्तुगालात फार काळ होता. वस्तुस्थिती तशी नाही. मध्ययुगात ह्या मुलखाचे संबंध पलीकडच्या लिओनच्या राज्याशी होते. तेथल्या मठांनी इकडे जमिनी कसल्या, तिकडची माणसे इकडे वसली. पुढे राजांनी सरहद्द आखली, पण माणसांच्या तोंडची भाषा सरहद्दीच्या मागे गेली नाही. मिरांदी ही स्पेनमधल्या अस्तुरी आणि लिओनी भाषांची बहीण आहे. पोर्तुगीजशी तिचे नाते आहे ते चुलत घराण्याचे.

एका शब्दाने हे कळेल. लॅटिनमध्ये चंद्राला ‘लूना’ म्हणत. पोर्तुगीजने मधला ‘न’ टाकून दिला आणि चंद्राचा ‘लुआ’ झाला. मिरांदीने तो ‘न’ जपून ठेवला. तिचा चंद्र अजून ‘ल्यूना’ आहे. लोकरीचेही तसेच. लॅटिन ‘लाना’, मिरांदी ‘ल्याना’, आणि पोर्तुगीजमध्ये त्या ‘न’चा नाकातला नुसता हुंकार उरलेला. जुने जपले म्हणून मिरांदी श्रेष्ठ ठरत नाही. पण जिला लोक गावंढळ आणि भ्रष्ट म्हणत होते, तिच्या पदरात राजधानीच्या भाषेने वाटेत सांडलेले काही होते, एवढे तरी ह्यावरून दिसते.

हे जगाला कळले ते १८८२ साली. जुझे लेइत द वाश्कोंसेलुश नावाचा चोवीस वर्षांचा तरुण पोर्तु शहरात वैद्यकाचे शिक्षण घेत होता. मिरांदाकडचा एक विद्यार्थी त्याला तेथे भेटला. त्याच्या तोंडून गावाकडची भाषा ऐकता ऐकता वाश्कोंसेलुशला उमगले की, हे काही निराळेच आहे. त्याने तिच्यावर छोटे पुस्तक लिहिले. पुढे तो त्या मुलखात गेला, आणि १९०० व १९०१ साली त्याने दोन खंडांत तिचे सविस्तर व्याकरण व इतिहास मांडला. तोवर ती भाषा जवळजवळ लिहिलीच गेली नव्हती. शेकडो वर्षे ती बोलली गेली, तिच्यात माणसे जन्मली, भांडली, रडली. पण तिच्यात काही लिहावे असे कोणाला वाटले नाही.

का वाटले नाही, ह्याचे उत्तर त्या लोकांनी आपल्या भाषांना दिलेल्या नावांतच आहे. आपल्या भाषेला ते ‘फाला चार्रा’ म्हणत, म्हणजे ओबडधोबड बोलणे. पोर्तुगीजला ‘फाला ग्राबे’ म्हणत, म्हणजे भारदस्त बोलणे. गुरांशी, शेजाऱ्याशी, बायकोशी, लेकराशी बोलायचे ते चार्रा. देवाशी, पाद्र्याशी, अधिकाऱ्याशी बोलायचे ते ग्राबे. १५४५ साली मिरांदा हे बिशपचे ठाणे झाले; शहरात धर्माधिकारी आले, कारकून आले, आणि हळूहळू शहराने मिरांदी टाकली. ती तटाबाहेरच्या खेड्यांत राहिली. परका माणूस दारात आला की खेडूत पोर्तुगीजकडे वळे. ह्यात कोणाची जबरदस्ती नव्हती. तो शिष्टाचार होता. पाहुण्यापुढे फाटके जोडे दाराआड सारावेत, तशी ते आपली भाषा आत सारत.

येथे मला गोव्याची आठवण होते, आणि ती ओढूनताणून आणलेली नाही. राज्य एकच होते. १६८४ साली गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले की, लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडावी आणि पोर्तुगीज बोलावी. तीन वर्षे गेली, तीनशे वर्षे गेली. पोर्तुगीज सत्ता गेली आणि कोकणी राहिली. २०११ च्या जनगणनेत साडेबावीस लाखांहून अधिक माणसांनी ती आपली मातृभाषा म्हणून नोंदवली. मिरांदाच्या खेड्यांवर असे फर्मान काढावे लागले नाही, आणि तेथे भाषा शेवटच्या घटका मोजू लागली. दोन्हीकडची लोकसंख्या वेगळी, परिस्थिती वेगळी, हे मान्यच आहे. तरीही एक गोष्ट ध्यानात येते. सत्ता जेव्हा भाषेवर बंदी घालते, तेव्हा निदान ती भाषा काहीतरी आहे हे ती मान्य करते. माणूस बंदीविरुद्ध उभा राहू शकतो. ‘बरं दिसत नाही’ ह्याविरुद्ध कोणी कसे उभे राहावे?

मिरांदीचा ऱ्हास वेगाने सुरू झाला तो विसाव्या शतकाच्या मध्यावर. दोरू नदीवर पिकोत, मिरांदा आणि बेंपोश्ता येथे तीन धरणे उभी राहिली. १९५८, १९६० आणि १९६४ साली ती पुरी झाली. त्यांच्याबरोबर बाहेरचे इंजिनियर आले, मजूर आले, वसाहती आल्या, आणि सगळा व्यवहार पोर्तुगीजमध्ये चालू लागला. त्याच सुमारास तरुण माणसे पोटासाठी फ्रान्सकडे आणि मोठ्या शहरांकडे निघाली. शाळेत फक्त पोर्तुगीज होती. पुढे घरोघर दूरचित्रवाणी आली, तीही पोर्तुगीज बोलणारी.

ह्या दिवसांतली एक आई डोळ्यांपुढे आणा. तिचे स्वतःचे सारे आयुष्य मिरांदीत गेले आहे. तिचा मुलगा आता शाळेत जाणार. शब्द चुकला की आपल्याला कसे हसत, हे तिला आठवते. धरणावरच्या कचेरीत कोणाला काम मिळते आणि कोणाला मिळत नाही, हे तिला दिसते. एके दिवशी ती ठरवते की, ह्या पोराशी मी पोर्तुगीजच बोलेन, मोडकीतोडकी का होईना. तिच्यासारख्या हजारभर आयांनी आपापल्या चुलीपाशी हाच निर्णय घेतला, आणि एक भाषा संपत आली.

माझा प्रश्न असा आहे : ह्या आईने काही अपराध केला काय?

केला, असे म्हणणारे भाषाप्रेमी मला भेटले आहेत. ते म्हणतात, शेकडो वर्षांचे धन तिच्या हाती आले होते. ते पुढे देणे हे तिचे ऋण होते, आणि ते तिने बुडवले. हे बोलणे मला उद्धटपणाचे वाटते. ज्याचे पोट भरले आहे त्याने दुसऱ्याच्या पोराला वारशाच्या नावाखाली उपाशी ठेवण्यातला हा प्रकार आहे. मूल हे भाषेसाठी जन्माला येत नाही. भाषा बोलणाऱ्याची असते. बोलणारा भाषेचा वेठबिगार नव्हे. त्या आईने आपल्या मुलाला लिस्बनचा, पॅरिसचा रस्ता मोकळा करून दिला. तिच्या जागी मी असतो तर बहुधा तेच केले असते.

पण म्हणून ‘काही बिघडले नाही’ असेही मला म्हणता येत नाही. कारण तिच्या हिशेबात एक चूक होती, आणि ती चूक तिची नव्हती. मुलाला पोर्तुगीज यावी म्हणून मिरांदी काढून घ्यावी लागते, असे तिला वाटले. प्रत्यक्षात तिच्याच मुलखातली माणसे पिढ्यान् पिढ्या घरी मिरांदी, बाजारात पोर्तुगीज आणि सरहद्दीपलीकडे स्पॅनिश बोलत आली होती. पोराचे डोके म्हणजे एक शेर धान्याचे माप नव्हे की दुसरे भरायला पहिले ओतून द्यावे. मग तिला असे का वाटले? भूक हे त्याचे कारण असेल, पण तेवढेच नव्हे. भुकेसाठी पोर्तुगीज शिकवली असती तरी पुरे होते. मिरांदी लपवली ती लाजेमुळे. लाजेने केलेल्या निवडीला मोकळी निवड म्हणता येत नाही. आणि लाज ही एकट्याने निर्माण होत नसते. तिला हसणारा कोणीतरी लागतो.

कोणी म्हणेल, भाषा येतात आणि जातात. लॅटिनही गेली, त्याचे कोण रडते? खरे आहे. पण लॅटिन गेली ती लेकुरवाळी होऊन गेली. पोर्तुगीज, स्पॅनिश, फ्रेंच आणि खुद्द मिरांदी ह्या तिच्याच लेकी. रोज थोडीथोडी बदलत ती नातवंडांच्या तोंडी निराळी झाली. ह्यात कोणालाही आईचे तोंड लपवावे लागले नाही. मिरांदी संपली तर ती कशात बदलून संपणार नाही. एक आजी आणि एक नातू ह्यांच्यामध्ये ती अर्ध्यावर तुटेल.

आता ती वाचवायची कशी? मिरांदाचे गाढव मी वर ओझरते सांगितले. ती जातही नामशेष होत आली होती, कारण ट्रॅक्टर आले आणि गाढवाचे काम गेले. आज तिकडे त्या गाढवांच्या रक्षणासाठी संस्था आहे. लोक पैसे देतात, गाढवे कुरणात चरतात, शिंगरे जन्मतात. गाढवाला फक्त चारा हवा. तो कोणी घातला ह्याची त्याला पर्वा नाही. जुने देऊळ असो, कोरीव लेख असो, दुसऱ्याने राखले तरी ते राहते. भाषेचे तसे नाही. तुम्ही तिचा कोश करा, ध्वनिमुद्रणे कपाटात ठेवा, तिच्या नावाने अनुदान द्या. ती तेवढ्याने जगत नाही. कोणीतरी सकाळी उठून तिच्यात ‘चहा झाला का’ असे विचारावे लागते. म्हणजे भाषा राखायची तर कोणाचे तरी आयुष्यच मागावे लागते, आणि ते मागण्याचा अधिकार कोणालाच नाही. ह्या प्रश्नाची खरी अवघड जागा ही आहे.

पोर्तुगालने आपल्या परीने एक उत्तर दिले. १९८६ पासून मिरांदाच्या शाळेत ही भाषा ऐच्छिक विषय म्हणून शिकवू लागले. १९९८ साली पोर्तुगालच्या संसदेने एकमताने कायदा संमत केला आणि २९ जानेवारी १९९९ रोजी तो प्रसिद्ध झाला : मिरांदी बोलणाऱ्यांना आपली भाषा जपण्याचा आणि वाढवण्याचा हक्क आहे. त्याच वर्षी तिच्या लेखनाचे नियम ठरले. शहरातल्या रस्त्यांच्या पाट्यांवर पोर्तुगीजच्या जोडीला मिरांदी आली. ज्या शहराने तिला कधीच बाहेर काढले होते, त्याच्याच भिंतींवर ती दिसू लागली. पण उशीर झाला होता. स्पेनमधल्या व्हिगो विद्यापीठाने २०२० साली केलेल्या पाहणीचा अंदाज असा की, ही भाषा जाणणारे आता सुमारे साडेतीन हजार, आणि नित्य वापरणारे सुमारे दीड हजार उरले आहेत. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी ही वस्ती.

मग हा सारा खटाटोप व्यर्थ म्हणायचा काय? ह्याचे उत्तर मला आमादेउ फेरेरा ह्यांच्या आयुष्यात सापडते. सेंदीं ह्या मिरांदी गावात १९५० साली ते जन्मले. कायद्याचे शिक्षण घेऊन लिस्बनला गेले आणि पोर्तुगालच्या रोखेबाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी मंडळाचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे त्या आईने ज्या वाटेचे स्वप्न पाहिले, ती वाट ते शेवटपर्यंत चालून गेले. आणि तेथे पोहोचल्यावर हा माणूस घरातल्या भाषेकडे वळला. त्यांनी मिरांदीत कविता लिहिल्या, कथा लिहिल्या, चारही शुभवर्तमाने तिच्यात आणली, आणि कामोंइशचे ‘लुझियादश’ हे पोर्तुगीजांचे राष्ट्रीय महाकाव्य मिरांदीत उतरवले. हाच कामोंइश सोळाव्या शतकात काही वर्षे गोव्यात राहिला होता. २०१५ साली फेरेरा वारले.

आता विचार करा. हे भाषांतर वाचणार कोण? ज्याला मिरांदी येते, त्याला पोर्तुगीज येतेच. मूळ काव्य वाचण्यासाठी त्याला भाषांतराची गरज नाही. अर्थ पोहोचवणे हेच भाषेचे काम असते, तर फेरेरांनी वर्षे फुकट घालवली असे म्हणावे लागेल. पण त्यांना अर्थ पोहोचवायचा नव्हता. गाढव हाकण्यापुरती जी समजली गेली, तिच्या तोंडून समुद्र, वादळे, देवदेवता आणि राजांच्या लढाया वदवून त्यांना दाखवायचे होते की, उणीव भाषेत कधीच नव्हती. ‘चार्रा’ आणि ‘ग्राबे’ ही वाटणी खोटी होती. त्या वाटणीखाली दबून गेलेल्या आपल्या आजीला उशिरा का होईना मिळालेला तो न्याय होता. मेलेल्या माणसाची क्षमा मागून तो परत येत नाही. म्हणून क्षमा मागणे व्यर्थ ठरते काय?

आणि येथेच मला माझा स्वतःचा हिशेब द्यावा लागतो. लाजेला हसणारा लागतो, असे मी वर लिहिले. पुष्कळ वर्षांपूर्वी, आमच्या खालच्या मजल्यावरच्या गृहस्थांशी नवीनच ओळख झाली होती तेव्हा, मी त्यांना सहज विचारले होते, ‘‘पण कोकणी ही मराठीचीच बोली ना?’’ ते हसले आणि त्यांनी विषय बदलला. वादाला माझी तयारी होती. साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा मानले आणि १९९२ साली ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली, हे मला ठाऊक होते. भाषाशास्त्राचा तो प्रश्न आपल्या जागी असू द्या. पण मी तो शास्त्रासाठी विचारला नव्हता. माझी भाषा ग्राबे आणि तुमची चार्रा, हे मी गोड शब्दांत सांगत होतो. त्यानंतर मी दारात दिसलो की ते भाषा बदलत आले. हा त्यांचा स्वभाव आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

उलट उदाहरण त्याच पोर्तुगीज राज्यात आहे. कुन्या रिव्हारा हा पोर्तुगीज अधिकारी गोव्यात आला आणि १८५८ साली त्याने कोकणी भाषेवर ऐतिहासिक निबंध लिहिला. आपल्याच राज्यकर्त्यांनी तिचा छळ केला हे त्याने लपवले नाही, आणि गोवेकर तरुणांना आपली भाषा जोपासण्यास सांगितले. कोकणी त्याची नव्हती. वाश्कोंसेलुशची मिरांदी नव्हती. भाषा बोलण्याचे ओझे ह्यांनी कोणावर लादले नाही. त्यांनी कान दिला. मोठ्या भाषेच्या माणसाला लहान भाषेसाठी करता येण्यासारखे मला तरी एवढेच दिसते : आपल्यापुढे कोणाला भाषा आत सारावी लागू नये. एवढे झाल्यावर त्या आईने जे ठरवायचे ते ठरवावे. तिने भाषा सोडली तरी तो तिचा निर्णय असेल. आजवर तो निम्मा आमचा होता.

परवा वसुबारसेला फराळाचा डबा घेऊन मी खाली गेलो. गोव्याला फोन चालू होता. ते नेहमीप्रमाणे सावरून बसले. मी खूण केली आणि म्हटले, ‘‘तुम्ही कोकणीतच बोला. मला कळेल तेवढं कळेल.’’ क्षणभर ते माझ्याकडे पाहत राहिले. मग बहिणीला म्हणाले, शेजारी आले आहेत. हे कोकणीत म्हणाले. नरकासुर, पोहे, गुडघेदुखी असे काहीबाही चालले होते. नातू कोपऱ्यात मोबाइल घेऊन बसला होता. त्याने एकदा मान वर करून आजोबांकडे पाहिले. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला मात्र माझ्याकडे नजर गेली आणि ते नकळत पुन्हा मराठीवर आले.

साठ वर्षांची सवय आहे. मी डबा टेबलावर ठेवला आणि बसून राहिलो.